सरकारी वहीतल्या माहेरवाशिणी

ज्या घरात कुलवृत्तांत असतो, त्या घरात तो सहसा देवघराशेजारच्या फडताळात, जुन्या पंचांगांच्या खाली असतो. वर्षाकाठी एकदोनदा तो बाहेर निघतो. कुणाचे लग्न ठरत असले आणि गोत्र पाहायचे असले म्हणजे, किंवा लांबच्या कुणा चुलत आजोबांचे सुतक दहा दिवसांचे की तीन, असा वाद पडला म्हणजे. मूळ पुरुष कोकणातून घाटावर केव्हा आला, कुणी इनाम मिळवले, कुणी वकिली केली, कुणाला तपकिरीचा नाद होता, हे सारे त्यात सापडते. आणि प्रत्येक पुरुषाच्या माहितीच्या शेवटी एक ओळ असते : ‘पुत्र तीन, कन्या दोन.’ पुत्रांना पुढे एकेक परिच्छेद मिळतो. कन्या त्या ओळीतच राहतात. फार तर ‘एक कन्या अमक्या गावी दिली’ एवढे. गावाचे नाव असते, कन्येचे नसते.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत १९३६ साली निघाला. त्याची नवी आवृत्ती काढण्याचे काम चार वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाने, आमच्या दादाने, अंगावर घेतले आणि त्यातले लेकींचे प्रकरण माझ्यावर टाकले. “तू शाळेत तीस वर्षं हजेरीपट भरलेस, तुला नावं शोधायची सवय आहे,” हे त्याचे कारण. ठरवले असे की, या आवृत्तीत कुठलीही मुलगी नुसत्या आकड्यात राहायची नाही. नाव, जन्म, सासर, मृत्यू, जे मिळेल ते छापायचे.

ठरवणे सोपे होते. म्हाताऱ्या आत्या-मावश्यांची आठवण दोन पिढ्यांपलीकडे जात नाही. त्यानंतरचा आधार म्हणजे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या. या वह्या म्हणजे एक नवल आहे. आपल्या गावाचे आणि आडनावाचे नाव सांगावे, आणि उपाध्यायांनी मांडीवर वही उघडून आपल्या खापरपणजोबांची सही दाखवावी! पण तिथेही जी यात्रेला गेली तीच स्त्री भेटते. पहिल्या बाळंतपणात गेलेली किंवा आठव्या वर्षी देवीच्या साथीत गेलेली पोर गोदावरीपर्यंत पोचतच नाही. शिवाय ती वही उपाध्यायांची खाजगी. त्यांनी दाखवली तर उपकार.

मग उरते ती सरकारची वही.

जुन्या मुंबई इलाख्यात खेड्यातल्या जन्ममृत्यूंची नोंद गावकामगारांकडे असे. महसुली भाषेत तिला ‘गाव नमुना नंबर १४’ म्हणतात, लोक म्हणतात ‘कोतवाल बुक’. तारीख, नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, जात, वय आणि मृत्यू असेल तर कारण. कारणे ठरावीक : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण. कागद जाडाभरडा, शाई उडालेली आणि अक्षर पुष्कळदा मोडी. त्यात ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, एवढे कळले की निम्मी लढाई जिंकली. माझ्यासारखीची मात्र उरलेली निम्मी तिथेच सुरू होते. लग्न झालेली लेक वहीत ‘कोम’च्या पुढच्या नावाखाली जाते. तिचे सासर, गाव आणि नवऱ्याचे नाव ठाऊक असल्याशिवाय ती सापडत नाही, आणि ते ठाऊक असते तर वहीकडे जायचे कारणच काय!

तरीही या वहीचा मोठेपणा मान्य केला पाहिजे. कुलवृत्तांत छापण्याची हौस मूठभर घराण्यांना परवडली. कोतवालाच्या वहीत मात्र इनामदार, विणकर, महार, धनगर, सारे एकाखाली एक, एकाच रकान्यात. तीन दिवस जगलेले मूलही तिथे एक पूर्ण ओळ घेते. इतक्या समान वागणुकीने लिहिलेला दुसरा कौटुंबिक ग्रंथ आपल्याकडे नाही.

या वह्यांकडे महाराष्ट्राचे लक्ष अलीकडे गेले ते २०२३ साली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती सरकारने नेमली आणि तहसील कचेऱ्यांतले धूळ खात पडलेले रुमाल सुटू लागले. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. आधीसुद्धा जातपडताळणीच्या फेऱ्यातून गेलेल्या घरांना ही वही ठाऊक होतीच. २००१ च्या कायद्याप्रमाणे दाखला टिकवायचा तर वंशावळ द्यावी लागते आणि पूर्वजाची जुनी नोंद दाखवावी लागते. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे माझ्यासाठी जो हौसेचा उद्योग, तो पलीकडच्या बाकावर बसलेल्या मुलासाठी कॉलेजातली जागा असतो. कचेरीत असे बाप-लेक मला नेहमी भेटत. माझा अर्ज त्यांच्या अर्जामागे ठेवावा, असे मीच कारकुनांना सांगत असे.

आता कायद्याकडे वळू. वाचकांनी पान उलटू नये. हा कायदा दिसतो त्यापेक्षा वाचनीय आहे. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९. त्याचे १७ वे कलम म्हणते की, राज्याच्या नियमांना आणि फीला अधीन राहून ‘कोणीही व्यक्ती’ निबंधकाकडून नोंदवहीत शोध घेववू शकते आणि जन्माचा किंवा मृत्यूचा दाखला मिळवू शकते. कोणीही व्यक्ती! वारस म्हटलेले नाही, रक्ताचे नाते म्हटलेले नाही. संसदेने हे दोन शब्द लिहिले तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे वंशावळी जमवणाऱ्या निवृत्त शिक्षिका असतील असे नाही; पण दार उघडे ठेवले हे खरे. त्याला एकच कडी लावली. मृत्यूचा दाखला देताना मृत्यूचे कारण उघड करायचे नाही.

कायदा उदार असला तरी खिडकी अरुंद असते. एका मोठ्या शहरातल्या प्रभाग कचेरीत झालेला संवाद असा :

“काकू, तुमचं नातं काय?”

“माझ्या आजोबांची चुलत बहीण.”

“म्हणजे वारस नाही. मग दाखला कशाला पाहिजे?”

“भाऊसाहेब, कायद्यात ‘कोणीही व्यक्ती’ म्हटलंय.”

“कायद्यात पुष्कळ म्हटलेलं असतं, काकू. साहेब रजेवर आहेत.”

साहेब रजेवरून आल्यावर त्यांनी कलम वाचले, हसले आणि अर्ज घेतला, हेही सांगितले पाहिजे. पण अर्ज घेतला म्हणजे नोंद मिळाली असे नव्हे. शोधाची फी दर वर्षामागे घेतात, तेव्हा वर्ष अंदाजाने तरी ठाऊक हवे. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव पुष्कळदा नसतेच. बारसे होण्याआधी नोंद होते, आणि नाव मागाहून घालण्याची सोय कायद्याच्या १४ व्या कलमात असली तरी ते घालायला कोण जातो? तेव्हा शोधायची ती ‘अमक्याची मुलगी’. आणि ती न सापडली, तर ‘नोंद आढळून येत नाही’ असा अनुपलब्धतेचा दाखला मिळतो. माझ्याकडे असे अकरा आहेत. इतक्या जणींचे नसणे सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध करणारी मी आमच्या घराण्यातली पहिलीच.

या साऱ्या खटपटीत एक नोंद मात्र अशी सापडली की, तिच्यामुळे त्या कडीचा विचार मला पुन्हा करावा लागला.

माझ्या वडिलांची एक आत्या होती. ‘कन्या दोन’ यांतली धाकटी. तिचा विषय आमच्या घरात निघत नसे. निघाला तर आजी आवाज खाली आणून म्हणे, “तिचा विहिरीत पाय घसरला.” आणि मग कुणीतरी मुलांना अंगणात खेळायला पाठवी. मराठी घरात वाढलेल्या कुणालाही पाय घसरण्याचा हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सासूचा जाच, नवऱ्याचा संशय, काय असेल ते. पोरीने जीव दिला, असेच आम्ही सारी धरून चाललो होतो. तिच्या सासरच्यांशी आमच्या घराचा संबंध तेव्हापासून तुटला, तो तुटलाच.

सासरच्या गावाचे नाव एका जुन्या हुंड्याच्या यादीत मिळाले. तिथल्या तालुक्याच्या अभिलेख कक्षात अर्ज केला, त्यावर कोर्ट फीचे तिकीट लावले, तीन हेलपाटे घातले. चौथ्या खेपेला एका तरुण कारकुनाने रुमाल सोडला. हा मुलगा मोडी शिकलेला होता आणि त्याला या कामाची गोडी होती. तास-दीड तास पाने उलटल्यावर त्याने एका ओळीवर बोट ठेवले. “ही बघा, ताई. कोम लिहिलंय, नवऱ्याचं नाव जुळतंय. वय वर्षं एकोणीस.”

तिचे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. सासरचे नाव होते, माहेरचे अजून मिळालेले नाही.

मी पुढच्या रकान्याकडे पाहणार तोच त्याने त्यावर लाकडी फूटपट्टी आडवी ठेवली. “कारण दाखवता येत नाही, ताई. रागावू नका.”

मी रागावले नाही. पण पान डोळ्यांसमोर होते आणि तारखा झाकलेल्या नव्हत्या. १९१८ चा ऑक्टोबर, दसऱ्यानंतरचे दिवस. त्या पानावर तिच्या वर-खाली नऊ दिवसांत सोळा मृत्यू होते. मागचे पान उलटून दाखवायला सांगितले, तर त्या आधीच्या साऱ्या पावसाळ्यात मिळून सात. एकाच घरातली तीन-तीन नावे लागोपाठ. बहुतेक वय वीस ते चाळीस. ज्यांनी इन्फ्ल्यूएन्झाच्या त्या साथीबद्दल काही वाचले आहे, त्यांना यापेक्षा अधिक सांगायला नको. जूनमध्ये मुंबईत उतरलेला तो ताप सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसऱ्या लाटेने इलाखाभर पसरला. हिंदुस्थानात त्याने एक कोटीहून अधिक माणसे नेली, आणि नेली ती विशेषतः भरज्वानीतली.

ती तापाने गेली असेल. तापाच्या भरात विहिरीवर गेली असेल. साथीच्या धामधुमीत जीवही दिला असेल. फूटपट्टीखालच्या एका शब्दात ते होते. त्या एका शब्दावरून दोन घरांनी शंभर वर्षे एकमेकांचे तोंड पाहिले नाही.

मृत्यूचे कारण झाकण्यात कायद्याचा हेतू चांगलाच आहे. आत्महत्या, गुप्तरोग, क्षय, बाळंतपणातल्या भानगडी यांचा डंका शेजाऱ्याने दहा-वीस रुपयांत विकत घेऊन पिटू नये. जिवंत माणसांची अब्रू मेलेल्यांच्या वहीत अडकलेली असते. पण ही कडी किती वर्षे लावून ठेवायची? १९६९ च्या कायद्यात याचे उत्तर नाही. काल गेलेल्या माणसाला आणि शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या पोरीला एकच फूटपट्टी.

हा प्रश्न इतरांनाही पडला आहे, हे मला कळले ते दादाच्या मुलामुळे. तो डब्लिनला नोकरीला आहे. त्याच्या घरमालकिणीने आपल्या आजीच्या मृत्यूची नोंद, कारणासकट, घरबसल्या फुकट काढून त्याला दाखवली. आयर्लंडची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथे सर्वांच्या जन्ममृत्यूची नोंद १८६४ पासून होते. त्याआधीची दप्तरे मात्र गेली. १८६१ ते १८९१ च्या जनगणनांचे कागद सरकारनेच नष्ट केले. त्याच्या आधीच्या जनगणनांचे बहुतेक कागद १९२२ च्या यादवीत, डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधले दप्तरखाने उडाले त्यात जळाले. त्यातली बोचणारी गोष्ट अशी की, चर्च ऑफ आयर्लंडच्या नोंदवह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून त्या याच दप्तरखान्यात जमा करण्याचा कायदा एकोणिसाव्या शतकात झाला होता. ज्या पाद्र्यांनी कायदा पाळला त्यांच्या वह्या जळाल्या. ज्यांनी वह्या आपल्याच कपाटात ठेवल्या, त्यांच्या वाचल्या.

अशा पोळलेल्या देशाने २०१४ च्या जुलैत नागरी नोंदींची सूची सर्वांसाठी खुली केली आणि काही दिवसांतच ती बंद करावी लागली. कारण तीत हयात माणसांची जन्मतारीख आणि आईचे माहेरचे आडनाव दिसत होते, आणि हे दोन प्रश्न तिकडच्या बँका माणूस ओळखण्यासाठी विचारतात. डेटा संरक्षण आयुक्तांनी हरकत घेतली ती रास्तच होती. पण त्या लोकांनी दार कायमचे लावले नाही. २०१६ साली ते पुन्हा उघडले, या वेळी वर्षे ठरवून : जन्म शंभर वर्षांनी, लग्न पंचाहत्तर, मृत्यू पन्नास वर्षांनी. त्यापुढे नोंदीचे पान जसेच्या तसे, सर्वांना. स्कॉटलंडमध्येही नोंदींची चित्रे याच हिशेबाने दिसतात. इंग्लंडात तर १८३७ पासूनच्या कुठल्याही मृत्यूचा दाखला फी भरून कुणीही मागवू शकतो आणि त्यात कारण असते.

अमेरिकेत मात्र उलटा प्रवास झाला. सोशल सिक्युरिटी खात्याची मृतांची यादी तिथे वर्षानुवर्षे खुली होती आणि वंशावळ शोधणाऱ्यांचा तो मोठा आधार. मग मेलेल्या लहान मुलांचे नंबर त्या यादीतून उचलून त्यांच्या नावावर करपरतावा लाटणारे ठग निघाले. मुलाच्या दुःखात बुडालेल्या आईबापांना कर खाते सांगू लागले की, तुमच्या मुलाचे विवरणपत्र आधीच आले आहे! याहून संतापजनक गोष्ट सुचणार नाही. २०१३ च्या डिसेंबरात कायदा झाला आणि मृत्यूनंतरची सुमारे तीन वर्षे ती यादी परवानगीधारकांखेरीज इतरांना बंद झाली. वंशावळवाल्यांचे म्हणणे होते की, कर खात्याने परतावा देण्याआधी हीच यादी स्वतः चाळली असती तर ठगांना वावच मिळाला नसता. मला ते पटते. पण तीन वर्षे थांबणे हेही काही मोठे संकट नव्हे. त्याच देशात जनगणनेचे घरोघरचे तक्ते बहात्तर वर्षांनी खुले होतात. १९५० चे तक्ते १ एप्रिल २०२२ रोजी खुले झाले. आपल्या १९४८ च्या जनगणना कायद्याचे १५ वे कलम ते तक्ते पाहण्याचा हक्क कुणालाच देत नाही, बहात्तर वर्षांनीही नाही.

आणखी एक गंमत, जरी तिला गंमत म्हणताना जीभ अडखळते. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या आणि दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात असत. १७०९ पासूनच्या त्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. खडकीच्या छावणीत तापाने मेलेला गोरा शिपाई आज त्याच्या पणतवंडाला तिथे सापडतो. त्याच छावणीपासून काही कोसांवर, त्याच तापाने गेलेली आमची माणसे आम्हाला सापडायची तर रजेवरचे साहेब परत यावे लागतात.

गेल्या दोनतीन वर्षांत आपल्याकडेही कायद्यांत मोठे बदल झाले. १९६९ च्या कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. आता साऱ्या देशाच्या जन्ममृत्यूंचा एक साठा संगणकावर होणार, आणि मतदार यादी, आधार, रेशन कार्ड, पासपोर्ट, मालमत्ता नोंदणी अशा कामांसाठी तो त्या त्या खात्यांना देता येणार. त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा. दवाखान्याने मृत्यूच्या कारणाचा दाखला जवळच्या नातेवाइकाला दिला पाहिजे, हेही त्यात आले, ते फार चांगले झाले. पण खात्यांसाठी एवढी दारे काढताना ‘कोणीही व्यक्ती’चे दार जरा रुंद करावे, जुन्या वह्यांसाठी काही वर्षे ठरवावीत, हे कुणाला सुचले नाही.

दुसरा बदल माहितीच्या अधिकारातला. २००५ च्या त्या कायद्यात खाजगी माहिती नाकारता येत असे, पण सार्वजनिक हिताचा प्रश्न असला तर ती देण्याची वाट त्याच कलमात होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते कलम आखडून ‘वैयक्तिक माहिती’ एवढ्यावर आणले, आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. सार्वजनिक हिताची सर्वसाधारण तरतूद कायद्यात दुसरीकडे शिल्लक आहे. पण खिडकीतल्या माणसाला नकार लिहिणे आता सोपे झाले. बाप कोण, आजा कोण, ही वैयक्तिक माहिती नव्हे असे कोण म्हणेल? जुन्या नोंदी शोधणाऱ्यांनी त्याच कायद्याच्या ८ व्या कलमाचे पोटकलम ३ मात्र जपून ठेवावे. वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती, तीनच अपवाद सोडून, द्यावी असे ते सांगते, आणि वैयक्तिक माहिती हा त्या तीन अपवादांत नाही. मी ते कागदावर उतरवून पर्समध्ये ठेवले आहे. दोनदा उपयोगी पडले.

माझे म्हणणे फार नाही. हयात माणसांच्या जन्मतारखा कुलपात ठेवा, अगदी कडक ठेवा. आमच्या घरातल्या तिघांना फोनवरच्या ठगांनी गंडवले आहे, तेव्हा त्याची किंमत मला ठाऊक आहे. पण मेलेल्यांसाठी वर्षांची मर्यादा कायद्यात लिहा. आयर्लंडचे पन्नास वर्षांचे माप आपल्या एकत्र कुटुंबांना थोडे वाटत असेल तर पंचाहत्तर करा. आणि त्या मर्यादेपलीकडच्या वह्यांचे फोटो काढून ठेवा, कारण कसर कुठलाही कायदा वाचत नाही.

पंचाहत्तर का, हे मी त्या गावी शिकले. नोंद मिळाल्यावर मी वडिलांच्या आत्याच्या सासरी गेले. न कळवताच गेले, कळवले असते तर ‘येऊ नका’ म्हणाले असते. घरात पंच्याऐंशीच्या एक काकू होत्या, त्या घराची नातसून. कोण, कुठल्या, हे सांगितल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चहा आला.

“विहिरीचं बघायला आलात का?” त्यांनी विचारले.

“नाही, काकू. नाव विचारायला आले.”

“आमच्याकडे सांगतात, तापाच्या साली गेली. तिच्या माहेरच्यांनी विहिरीचं उठवलं आणि आमच्या सासऱ्यांना दोन वर्षं कुणी मुलगी देईना.” त्या थांबल्या. “आता सासरे नाहीत, नवरा नाही. पण माझ्या नातवाचं लग्न व्हायचंय. तुमच्या पुस्तकात काय ते जपून लिहा, बाई.”

मी त्यांना पानावरच्या सोळा नावांचे सांगितले. त्यांनी ती एकेक करून विचारली. मला आठवत होती तेवढी मी सांगितली, आणि त्यांनी घरे सांगितली : हे वरच्या आळीतले, हे कुंभाराचे, हे आमच्याच सोप्यातले. माझ्या वहीतल्या ओळींना त्या बसल्या जागेवरून दारे-खिडक्या लावत होत्या.

दादाला मी सांगितले आहे की, नव्या आवृत्तीत तिचे सासरचे नाव, वय आणि तारीख छापायची. कारण छापायचे नाही. तो म्हणतो, मग लोक विहिरीचेच धरून चालतील. निदान ‘साथीच्या काळात’ एवढे तरी घालू. वाद अजून मिटलेला नाही आणि छापखाना संक्रांतीपर्यंत थांबायला तयार आहे.

निघताना त्या काकूंनी उंबऱ्यात मला थांबवले. “आणि तिच्या पोटचं एक होतं म्हणत. मुलगा की मुलगी, ठाऊक नाही. ते कुठं गेलं बघा.”

म्हणजे आता १९१७ आणि १९१८ ची जन्माची वही. नाव नसेलच, तेव्हा बापाच्या नावावर शोधायचे. दोन वर्षांच्या शोधाची फी भरून मी अर्ज दिला आहे. मोडी वाचणारा तो मुलगा म्हणाला, “दिवाळीनंतर या, ताई. तो रुमाल वरच्या फळीवर आहे, शिडी मागवलीय.”